हयातीचा दाखला

क्रेगीसाहेब, तुमची फाइल आजही माझ्याच टेबलावर आहे.
गुलाबी फीत सोडून-बांधून लोकरीसारखी झालीय.
जलखाते. नेमणूक सदुसष्ट. मूळ गाव आर्ब्रोथ,
ज्याचा उच्चार मला अठरा वर्षांत जमला नाही
आणि माझ्या नावाचा तुम्हाला. फिट्टंफाट.

महिन्यातून दोनदा तुम्ही जिन्यानं वर येता, लिफ्ट असताना,
आणि तोच प्रश्न वेगळे कपडे चढवून विचारता.
पौंडात की डॉलरात?
भाव पडला तर फरक कोण भरणार?
अंशराशीकरण करून अर्धी आत्ताच उचलली तर?
मग खिडकीबाहेर बंदराकडे बघत, हळूच:
तीस वर्षांनी, मिस यिप, पाठवणारं कुणी असेल ना?

मी परिपत्रकाचा क्रमांक सांगते.
त्यात सगळं आहे. 'प्रचलित तरतुदींनुसार' आहे.
'अबाधित' आहे, तेही दोनदा.
दोनदा लिहिलं की मला शंका येते.
माझा बाप कडी लावून अंथरुणाशी यायचा
आणि कडी बघायला परत जायचा.

त्याच्याकडे बिस्किटांचा एक डबा होता.
त्यात जपानी लष्करी येन, करकरीत, घडी न पडलेले.
त्रेचाळीस साली आजोबांनी घरातले सगळे डॉलर
रांगेत उभं राहून बदलून आणले. हुकूमच होता.
दोन वर्षांनी एका सकाळी
डबा तोच, नोटा त्याच, त्यांवरची शून्यंही जागच्या जागी,
फक्त तांदूळवाला डब्याकडे बघून हसला.
आम्ही बहिणी त्या नोटांनी दुकान-दुकान खेळायचो.
मी कायम गिऱ्हाईक. फार श्रीमंत गिऱ्हाईक.

हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही.
तुम्हाला आधीच झोप नाही, असं तुमची बायको फोनवर म्हणाली.

तुम्ही आलात त्या उन्हाळ्यात
चार दिवसांतून चार तास पाणी यायचं.
मी नऊ वर्षांची, खांद्यावर काठी, काठीला रॉकेलचे दोन डबे,
शाम शुई पोच्या नळापुढे पहाटेपासून.
वेळापत्रकावर सही तुमची होती, हे फाइलीत वाचलं.
तेव्हा नाव माहीत नव्हतं, म्हणून शिव्या नळाला दिल्या.

पुढे सरहद्दीपलीकडच्या नदीचं पाणी आलं,
मोठ्या नळांतून, मीटरवर मोजून.
ते आकडे तुम्हीच तपासायचे. बिलं वेळेवर गेली.
साहेब, इतकी वर्षं तुम्ही त्यांचं पाणी प्यालात,
चहा त्याचाच, व्हिस्कीतही तेच,
आणि आता त्यांच्या हातचा पैसा पचेल का, याची काळजी.
चूक म्हणत नाही मी. पैसा पाण्यासारखा नसतो,
तो वरून खाली येईलच असं नाही.
जन्मभर पाणी सोडलेल्या माणसाला
हक्कावर पाणी सोडणं काही जमत नाही.

माझी पेन्शन? तुम्ही विचारलं नव्हतंत.
मी इथली. मी कुठे जाणार नाही,
म्हणून मला वेगळी हमी लागत नाही,
असं परिपत्रकात कुठेही लिहिलेलं नाही
आणि प्रत्येक पानावर आहे.

तुम्हाला दर जानेवारीत एक फॉर्म येईल.
गावच्या डॉक्टरची नाहीतर पाद्र्याची सही घ्या,
की अमुक इसम माझ्यासमक्ष हजर होता, हयात आहे.
सरकारनं आपण हयात असल्याचं
तुम्हाला कळवायचा फॉर्म मात्र नाही.
मी कपाटं धुंडाळली. खरंच.

आज पायऱ्या उतरण्याआधी तुम्ही पँट्रीपाशी थांबलात.
बेसिनचा नळ गळत होता, गेल्या पावसाळ्यापासून गळतोय.
तुम्ही रुमाल गुंडाळून तो आवळलात,
एक थेंब लोंबकळला, पडला नाही.
जिन्यापर्यंत गेलात.
मग परत आलात, बघायला.